पास्कूला जेवायला कुठे बसवतात?

माझ्या धाकट्या भावाचा घागऱ्यातला फोटो आमच्या वसईच्या घरी पोचला तो शेजारच्या सिमावच्या हातून. सिमाव मस्कतला कामाला आणि तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने खजुराचा डबा ओट्यावर ठेवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुमच्या पास्कूचा एक फोटो आणलाय. हसू नका हां."

फोटोत समुद्राकाठची हिरवळ होती, मागे पांढरंशुभ्र हॉटेल होतं आणि पुढे पाच माणसं लाल-हिरव्या चौकड्यांचे घागरे नेसून उभी होती. त्यातला चौथा आमचा पास्कू. गुडघे उघडे, पायांत लोकरीचे मोजे आणि हनुवटीखाली आमच्या बाबांचं व्हायोलिन. मी तर पोट धरून हसले. चाळिशीचा बाप्या, एका पोरीचा बाप, आणि हे काय सोंग!

बाबा हसले नाहीत. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि उजेडात बराच वेळ बघितला.

"हा बँड आहे?"

"हो ना. स्कॉटिश लोकांची गाणी वाजवतात," सिमाव म्हणाला. "तिथे लई नाव झालंय. मोठमोठ्या पार्ट्यांना बोलावतात."

"जेवायला कुठे बसवतात?"

सिमावला प्रश्नच कळला नाही. मला कळला.

आमचे बाबा चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवत होते. वसईत आमच्या लोकांचं लग्न म्हणजे बँड हवाच. विहिरीवर पाणी आणायला जाताना बँड, चर्चमधून नवरानवरी घरी येताना बँड, पाहुणे पंगतीला बसले की बँड. आणि बँडवाल्यांचं जेवण? ते शेवटी, घरामागे, चुलाण्याजवळ. पालथं घमेलं नाहीतर रिकामी पेटी हीच बसायची जागा. मी आणि पास्कू लहानपणी बाबांबरोबर जायचो आणि तिथेच जेवायचो. आम्हाला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. गरम गरम वडे पहिल्यांदा आमच्याच ताटात पडायचे! पण बाबांना ते लागत होतं, हे पास्कू मस्कतला निघाला तेव्हा कळलं. व्हायोलिन त्याच्या हातात देताना ते म्हणाले होते, "चर्चमध्ये वाजव. देव कुणाला मागच्या दाराने वाढत नाही. लग्नाकार्यात वाजवायचं नाही."

आणि हा पठ्ठ्या घागरा नेसून पार्ट्यांना वाजवत होता.

त्या वर्षी, म्हणजे १९९७ला, नाताळच्या सुट्टीला रजा जोडून मी मस्कतला जायचं ठरलंच होतं. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, आजवर गोव्यापलीकडे गेले नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला जवळ बसवलं. "पंगतीत बसवत असतील तर वाजवू दे. मागच्या दाराला वाढत असतील तर व्हायोलिन परत घेऊन ये. त्याला आधी काही सांगू नको, नाहीतर तो तुला नाटक करून दाखवील."

एवढं एक काम घेऊन मी परदेशात गेले.

वादी कबीर

विमानाच्या खिडकीतून खाली बघितलं तर डोंगरच डोंगर, आणि एकावरही झाड नाही. आम्ही केळीच्या बागेत वाढलेली माणसं, मला पहिल्यांदा भीतीच वाटली. इतका उघडा देश! पण दोन दिवसांत डोळ्यांना सवय झाली आणि मग त्या डोंगरांवरून नजर हलेना. सकाळी ते भाजलेल्या विटेच्या रंगाचे असतात, दुपारी राखाडी होतात आणि उन्हं कलली की जांभळे होऊन अगदी घराच्या गच्चीपर्यंत आल्यासारखे वाटतात. मी रोज चहा घेऊन गच्चीत बसायचे आणि काहीही करायचे नाही. आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्वस्थ बसले असेन.

पास्कूचं घर वादी कबीरला. एका अंगाला मोठी शाळा, दुसऱ्या अंगाला गाड्यांची गॅरेजं. सकाळी स्कूलबसची रांग लागायची, मग ठोकपीट सुरू व्हायची आणि दुपारी सगळं चिडीचूप. खालच्या मजल्यावरची ओमानी बाई रोज ऊद जाळायची आणि तो वास जिना चढून वर यायचा. अजूनही चर्चमध्ये धूप फिरला की मला वादी कबीरचा जिना आठवतो.

पास्कू एका हॉटेलात एसीचं काम बघतो. बायको फिलोमिना, आम्ही तिला फिलू म्हणतो. मुलगी रिया नऊ वर्षांची. रियाचं मराठी ऐकून माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची.

"आत्या, तू दमला?"

"दमला नाही गं, दमले. मी बाई आहे ना?"

"ओके. तू बाई दमले. पण तू प्रॅक्टिस बघायला येणार ना? डॅडीचा बँड खूप लाउड आहे. बिल्डिंगवाल्यांनी कम्प्लेंट केला."

बँडची सगळी हकिगत मला पास्कूने गच्चीतच सांगितली. मस्कतच्या रुवी भागात चर्चचं आवार एकच आहे, निरनिराळ्या पंथांचे लोक आपापल्या वेळेला तिथे प्रार्थनेला येतात. पास्कू आमच्या लोकांच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवायचा. चार वर्षांपूर्वी एकदा मिस्साची प्रार्थना संपवून तो बाहेर आला तर एक लालबुंद गोरा माणूस दाराशी उभा. आपल्या प्रार्थनेच्या अर्धा तास आधी येऊन तो भिंतीला टेकून ऐकत राहिला होता. तो अलिस्टर. पाण्याच्या पंपांचा इंजिनियर, मूळचा स्कॉटलंडचा. त्याने पास्कूला सरळ विचारलं, "माझ्या आजोबांची गाणी वाजवशील?"

"आणि तू हो म्हणालास?"

"मला वाटलं अंत्यविधीची असतील."

अलिस्टर गिटार वाजवायचा. त्याने बॅगपाइपसाठी सालेमला गाठलं. सालेम ओमानी, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला. तरुणपणी त्याला एका स्कॉटिश उस्तादाने शिकवलं होतं, त्यामुळे अलिस्टरच्या आजोबांची गाणी अलिस्टरपेक्षा सालेमलाच जास्त येत होती! मागून एक नर्सबाई बासरी घेऊन आली आणि एक उंच तरुण मास्तर ढोल घेऊन आला. आधी एका शाळेचं गॅदरिंग, मग कुणाचा तरी निरोपसमारंभ, मग लग्नं. वर्कशॉपमध्ये पत्र्यावर गोधड्या टांगून त्यांनी एक कॅसेट भरली आणि ती हातोहात फिरत दुबई-बहारीनपर्यंत गेली. तिकडून बोलावणी यायला लागली. घागरे रुवीतल्या एका टेलरने शिवले. त्याने कधी घागरा शिवला नव्हता, म्हणून प्रत्येकाला आतून पँटसारखा खिसा ठेवला. अलिस्टर म्हणे त्यावर फार खूश आहे.

"आणि आता ऐक, बाय," पास्कू म्हणाला. आमच्यात मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. "स्कॉटलंडला गाण्यांची मोठी जत्रा भरते. तिथली एक बाई दोन आठवड्यांनी, शुक्रवारी आम्हाला ऐकायला येतेय. तिला आवडलं तर पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे वाजवणार. स्कॉटलंडची गाणी, स्कॉटलंडमध्ये, आणि व्हायोलिनवर कोण? वसईचा पास्कोल!"

त्याचे डोळे चमकत होते.  पण ते व्हायोलिन परत न्यायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं.

वादी अदाईच्या पलीकडे

बिल्डिंगवाल्यांनी तक्रार केल्यापासून हे लोक कोरड्या नदीत जाऊन वाजवायचे. वादी म्हणजे नदीचं पात्र, पण पाणी वर्षातून एखाददोन वेळाच. त्यावरून बँडचं नावही ड्राय रिव्हर. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही वादी अदाई ओलांडून डोंगरांच्या आत गेलो. गाडी थांबली आणि मग इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

पांढऱ्या गोट्यांवर चटई टाकली. सालेम थोडा दूर जाऊन उभा राहिला. उंच, अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्याला भरतकामाची टोपी. प्रॅक्टिसला कुणी घागरा नेसत नाही. सालेमने बॅगपाइपची पिशवी फुगवली आणि एक सूर धरला. तो सूर हलेना की थांबेना. डोंगराला लागून तो परत आला, तेव्हा सालेमच्या जागी चार सालेम उभे असल्यासारखं वाटलं. त्या सुरावर हळूच पास्कूचं व्हायोलिन आलं.

काय सांगू तुम्हाला! मला त्या गाण्याचा एक शब्द माहीत नव्हता, शब्द होते की नव्हते तेही माहीत नाही. पण ऐकता ऐकता मी आमच्या विहिरीवर पोचले. ती काळी दगडी पायरी, बायकांच्या हातातले तांब्याचे हंडे, पुढे बँड, आणि बाबा डोळे मिटून वाजवताहेत. उघड्या डोळ्यांनी मी ओमानच्या गोट्यांत बसले होते आणि मला वसईच्या केळी दिसत होत्या. कुठून तरी बकऱ्या आल्या, दहा-बारा असतील, आणि त्या पण उभ्या राहून ऐकत होत्या. रिया माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी किती वेळ तशी बसले होते देव जाणे.

गाणं संपलं तेव्हा अलिस्टरही डोळे मिटूनच होता. त्यांच्या वाजवण्याची एक गंमत सांगते. त्याला नोटेशन मुळीच वाचता येत नाही, त्यांच्याकडे ही गाणी कानानेच शिकतात. आमच्या पास्कूला लहानपणी फादरनी कागदावर शिकवलेलं, त्याला लिहून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. रियाच्या जुन्या वह्यांमध्ये त्याने सगळी गाणी उतरवलीत आणि त्यांची इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून मराठीत आपली नावं दिलीत. 'म्हातारीचं पळणं', 'पावसातली होडी', 'सालेमचं आवडतं'. अलिस्टरचं एखादं गाणं अडलं की तो पास्कूला विचारतो, कारण त्याच्या आजोबांचं गाणं आता रियाच्या गणिताच्या वहीत आहे.

मग चहा आला. मी सावध झाले. थर्मास अलिस्टरच्या हातात होता. पहिला पेला त्याने मला दिला, दुसरा पास्कूला, आणि सगळे एकाच चटईवर बसले. मी पर्समधली छोटी डायरी काढली आणि मास्तरणीच्या सवयीने लिहिलं: 'वादी. चहा. एकाच चटईवर. पास.'

"काय लिहितेयस?" पास्कूने विचारलं.

"बकऱ्या किती होत्या ते," मी म्हटलं.

सीब

पुढच्या आठवड्यात सालेमने जेवायला बोलावलं. त्याचं घर सीबला, जुन्या बाजाराच्या मागे. बाजारात आधी फिरलो. सुकवलेले मासे, लिंबं, खजूर आणि हलव्याच्या कढया. मासळीचा वास आला आणि फिलू म्हणाली, "बघ, आपल्याकडच्यासारखाच." कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

ओमानी घरात बायकांची बैठक वेगळी. मी आणि फिलू आत, पुरुष बाहेरच्या खोलीत. माझं कसलं लक्ष लागतंय! सालेमची बायको हातावर अत्तर लावत होती, कॉफीचे इवलेसे पेले भरत होती, आणि मी मान वाकडी करून दारातून बघत होते. शेवटी फिलू कुजबुजली, "बाय, काय हवंय? बाथरूम?"

जमिनीवर एक भलंमोठं ताट ठेवलं होतं, भाताचा डोंगर आणि वर बकऱ्याचं मटण. त्याच्याभोवती सगळे मांडी घालून बसलेले. सालेमने पास्कूला आपल्या उजव्या हाताला बसवलं होतं. मटणाचा मऊ तुकडा तोडून तो पास्कूच्या पुढे सरकवत होता आणि मोठ्याने म्हणत होता, "खा, खा! बजानेवाला पहले खाता है. भूखा आदमी फूँकेगा क्या?"

"मैं फूँकता नहीं, सालेमभाई. मैं तो घिसता हूँ."

"तो घिसने के लिए भी ताकत चाहिए. यल्ला, खा!"

मला एकदम भरून आलं. चाळीस वर्षांत बाबांना हे कुणी म्हटलं नव्हतं. डायरीत मी शंभरपैकी शंभर लिहिलं आणि वर दोन अधिक दिले. येताना समुद्राच्या कडेकडेने आलो. उन्हं उतरत होती आणि पाणी दुधी झालं होतं. व्हायोलिन आता इथेच राहणार, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

बाजारात तुरी म्हणतात ते उगीच नाही.

मस्कत, शुक्रवारची दुपार

शुक्रवार तिथला सुट्टीचा दिवस. स्कॉटिश लोकांचं वर्षातलं एक मोठं जेवण पास्कूच्याच हॉटेलात होतं, फोटोतल्या त्याच हिरवळीवर. मांडवाखाली लांब टेबलं, पांढरे कपडे, पुढे निळा समुद्र. फिलू रियाच्या तापामुळे घरी राहिली होती. मी माझी मोतिया रंगाची साडी नेसले होते आणि ताडाच्या सावलीत एका कडेला उभी होते. स्कॉटलंडहून आलेली ती बाई मी लांबून पाहिली. पिकल्या केसांची, साधी, हातात कापडी पिशवी. आमच्या शाळेत तपासणीला येणाऱ्या बाईंसारखीच दिसत होती.

पाहुणे येत होते आणि बँड वाजत होता. पास्कू असा वाजवत होता, असा वाजवत होता की वाढपीसुद्धा तबक घेऊन थबकले. मग कुणीतरी छोटी घंटा वाजवली आणि लोक टेबलांकडे निघाले. पास्कूने व्हायोलिन फडक्याने पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी बगलेत मारली आणि माझ्याकडे आला.

"चल बाय, जेवून घेऊ."

आणि तो मला मागे घेऊन गेला.

हिरवळीच्या कडेने, कचऱ्याच्या डब्यांपाशी, एका झुलत्या दारातून थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात. हुसेनभाई म्हणून रत्नागिरीचे आचारी होते. "या या, पास्कूची भैन ना तुमी? बसा," म्हणत त्यांनी दोन ताटल्यांत मटण, भात, रोटी वाढली. पास्कूने दुधाचा प्लॅस्टिकचा क्रेट पालथा केला, त्यावर बसला, ताटली गुडघ्यांवर घेतली. मलाही एक क्रेट दिला. मी बसले. मी जेवलेसुद्धा! मटण फार छान झालं होतं.

अर्धं जेवण झाल्यावर माझी नजर त्याच्यावर गेली. घागरा गुडघ्यांमध्ये खोचलेला, मान खाली, व्हायोलिनची पेटी दोन पायांच्या मध्ये. हुबेहूब बाबा. 

"पास्कू, दर वेळी इथेच जेवतोस?"

"हो मग? हुसेनभाई आपला माणूस आहे. मस्त वाढतो."

"चार वर्षं?"

"हो."

मी ताटली खाली ठेवली. हात धुतला. "ती पेटी दे इकडे. मी परत नेतेय."

मग मी त्याला बाबांची अट सांगितली. पास्कूचा चेहरा पांढरा पडला. तो उठून उभा राहिला, पेटी त्याने छातीशी धरली.

"बाय, आज नको. ती बाई आलीय. आज नको गं."

"बाबांनी आयुष्यभर गिळलं ते तू पण गिळायचं? माझ्याच्याने बघवत नाही रे." मला रडू फुटलं. हुसेनभाई पंचा घेऊन उगीचच ओटा पुसायला लागले.

"मला इथे कुणी पाठवलं नाही," पास्कू म्हणाला.

"मग कोण आणतं तुला?"

"कुणीच नाही. वाजवून झालं की मी... मागे येतो. माझे पायच इकडे वळतात."

तेवढ्यात झुलतं दार धाडकन उघडलं. सालेम. एवढ्या मोठ्या माणसाला धाप लागली होती.

"अरे पास्कू, किधर मर गया था तू? आधे घंटे से ढूँढ रहा हूँ! उधर शोरबा ठंडा हो गया. अलिस्टर किसी को शुरू नहीं करने देता!"

"का? म्हणजे... क्यों?"

"क्यों? तेरी कुर्सी खाली है, इसलिए क्यों!"

आम्ही बाहेर आलो. त्या मांडवात साठ-सत्तर माणसं सूपचे वाडगे पुढे ठेवून गप्प बसली होती. कुणाचाही चमचा ओला नव्हता. मधल्या मोठ्या टेबलावर अलिस्टरच्या आणि त्या पाहुण्या बाईच्या मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या, आणि पुढे दोन पांढरी कार्डं उभी. एकावर पास्कूचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर सुरेख अक्षरात 'पास्कोलची बहीण' असं इंग्रजीत.

अलिस्टर लाजून आणखी लाल झाला होता. तो जे बोलला ते मला पास्कूने मागून सांगितलं. पहिल्या वर्षी त्यांनी पास्कूची खुर्ची दर वेळी मांडली होती. दर वेळी तो नाहीसा व्हायचा. मग त्यांना वाटलं, याला पार्टीतल्या परक्या लोकांबरोबर जेवायला आवडत नसेल, म्हणून त्यांनी खुर्ची मांडणं आणि विचारणं दोन्ही सोडलं. आज बहीण आलीय, आज तरी बसेल, म्हणून त्याने पुन्हा दोन खुर्च्या मांडल्या आणि हट्टाला पेटला, की पास्कू आल्याशिवाय कुणी खायचं नाही. चार वर्षं ते आमचा मान राखत होते आणि आम्ही त्यांचा. कप्पाळ आमचं!

आणि मी? मी तरी कुठली शहाणी? मीही त्या टेबलांकडे एकदासुद्धा बघितलं नव्हतं. आमची नावं पुढे असतील हे मनातच आलं नाही. तो म्हणाला 'चल' आणि मी मुकाट मागच्या दाराने गेले.

पास्कू खुर्चीत बसला. हात कुठे ठेवायचे त्याला कळेना. आधी मांडीवर, मग टेबलावर, मग परत मांडीवर. पोटात हुसेनभाईंचं मटण भरलेलं, तरी आम्ही दोघांनी सूप प्यायलं, मासा खाल्ला, भाजलेलं मटण खाल्लं, बटाटे खाल्ले. माझ्या साडीची गाठ आवळायला लागली. ती पाहुणी बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही किती कमी खाता!" मी मान डोलावली.

जेवणानंतर तो वाजवायला उठला. 'पावसातली होडी' वाजवलं. सालेमचा सूर समुद्रावरून पसरत गेला, पास्कूने डोळे मिटले आणि मला परत ती विहीर दिसायला लागली. पण या वेळी मी पुढच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि तिथून ते गाणं काही वेगळंच ऐकू येत होतं. ती बाई रुमालाने डोळे टिपत होती. शेवटी तिने अलिस्टरचा हात धरला आणि म्हणाली, "उन्हाळ्यात या. पाचही जण या."

पास्कूचं कार्ड मी टेबलावरून उचललं आणि पर्समध्ये घातलं.

परत वसई

बाबा ओट्यावरच बसले होते. माझ्या हातात सामान बघून त्यांनी आधी काय पाहिलं असेल? व्हायोलिनची पेटी आहे का ते. नव्हती.  मी चहा केला, खजूर दिले, सालेमच्या बायकोने दिलेला ऊद दाखवला. मग कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"पास्कूच्या खुर्चीपुढे होतं. मोठ्या टेबलावर, मधोमध."

त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. बोट फिरवत नाव वाचलं. "मग बसला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण बाबांशी खोटं बोलायची मला सवय नाही. "आधी नाही बसला. आधी स्वयंपाकघरात जाऊन जेवला. मी पण जेवले."

"कुणी घालवलं?"

"कुणीच नाही, बाबा. पहिलं वर्षभर दर वेळी खुर्ची मांडली होती. तोच मागे जायचा."

बाबांनी कार्ड ओट्यावर ठेवलं. समोर केळीची पानं हलत होती. मला वाटलं ते चिडतील. पण ते म्हणाले, "ती वाट मीच दाखवली त्याला. एवढासा होता तेव्हापासून, बोटाला धरून." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना रडताना मी आईच्या मातीला पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. मी म्हटलं, सांगा. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: "खुर्ची मांडली असेल तर बसायचं, पोरा."

त्या उन्हाळ्यात ड्राय रिव्हर स्कॉटलंडला गेला, आणि त्यानंतर आणखी तीनदा. दोन हजार सालानंतर त्यांच्या सीडी निघाल्या, त्या मी शाळेतसुद्धा मुलांना ऐकवते. पहिल्या वारीचे फोटो पास्कूने पाकीटभर पाठवले होते. हिरव्या डोंगरांपुढे पाच घागरे, स्टेजवर पास्कू, सालेम आणि त्याच्याभोवती गोरी पोरं. एकाहून एक सुंदर फोटो.

बाबांनी त्यातला एकच निवडला आणि देवाच्या फोटोशेजारी लावला. त्यात व्हायोलिन कुठेच नाही. एक लांब टेबल आहे, दोन्हीकडे माणसं आहेत आणि मधोमध पास्कू बसलाय, गालात घास, हातात काटा, दोन्ही कोपर टेबलावर टेकून आरामात.

येणारे-जाणारे विचारतात, "बाबा, वाजवतानाचा नाही का लावायचा?"

बाबा म्हणतात, "वाजवतो ते मला ठाऊक आहे. बसतो का, ते बघायचं होतं."